स्वीट कॉर्न: आधी तण, मग खत. दाण्यातली गोडी आणि पोषण राखणारा कामाचा क्रम

स्वीट कॉर्नमध्ये सर्रास होणारी चूक खताच्या मात्रेची नसते, क्रमाची असते. रान तणाने भरलेलं असतं, मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून येतं म्हणून युरिया घाईने फोकला जातो आणि खुरपणी आठवडाभराने होते. त्या आठवड्यात युरियाचा मोठा वाटा माठ, लव्हाळा आणि चिमणचारा उचलतात. मका पिवळा दिसतो, म्हणून आणखी एक गोणी पडते. शेवटी ताटं हिरवीगार आणि उंच होतात, पण कणसाचं टोक रिकामं राहतं, दाणा पांचट लागतो आणि व्यापारी भाव पाडतो.

खालचा क्रम एका एकरासाठी आणि मध्यम ते भारी जमिनीसाठी दिला आहे. खरीप असो वा रब्बी, क्रम तोच राहतो, फक्त दिवस थोडे पुढेमागे होतात.

## सुरुवातीला: दाण्यात काय भरतं आणि कशाने बिघडतं

पिवळ्या स्वीट कॉर्नच्या १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांत साधारण ३ ग्रॅम प्रथिनं, ६ ग्रॅमच्या आसपास साखर, २ ग्रॅम तंतू आणि २७० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. त्याशिवाय थोडं क जीवनसत्त्व, फोलेट आणि डोळ्यांना उपयोगी असलेली ल्युटिन व झिॲझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं असतात.

गोडीची कमाल मर्यादा वाण ठरवतं. सुपरस्वीट वाणांत जुन्या साध्या वाणांच्या दुप्पट-तिप्पट साखर असते आणि तिचं पिष्टात (स्टार्चमध्ये) रूपांतरही सावकाश होतं. तण आणि खत यांच्या हातात एवढंच असतं की वाणाची ती क्षमता दाण्यापर्यंत पोहोचते की वाटेत सांडते. पानांनी तयार केलेली साखर दाण्यात नेण्यासाठी पालाश (पोटॅशियम) लागतं. प्रथिनांसाठी नत्र (नायट्रोजन) आणि गंधक दोन्ही लागतात. जस्त कमी पडलं तर पीकही खुरटतं आणि दाण्यातलं जस्तही घटतं.

जास्त युरिया म्हणजे जास्त पोषण, हा समज सोडून द्या. नत्र वाढवलं की प्रथिनांचा आकडा वाढतो हे खरं, पण त्यातली बरीचशी वाढ झेइन या प्रथिनाची असते आणि झेइनमध्ये लायसिन व ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्लं फारच कमी असतात. शिवाय नत्राने माजलेलं पीक लोळतं आणि त्यावर किडी वाढतात.

## टप्पा १: माती परीक्षण, पेरणीच्या महिनाभर आधी

शेतात नागमोडी फिरून ८-१० ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्या आणि खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची आणि पाणी साचणारी जागा वगळा. सगळी माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा आणि अर्धा किलो उरली की प्रयोगशाळेत द्या.

अहवाल आल्यावर बहुतेक जण नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश बघून कागद घडी करून ठेवतात. स्वीट कॉर्नसाठी आणखी तीन ओळी वाचायच्या आहेत:

- सामू (पीएच) आणि चुनखडी: सामू ८ च्या वर असेल आणि रान चुनखडीचं असेल तर जस्त आणि लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही.
- जस्त: ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.६ भाग) खाली असेल तर कमतरता समजा.
- गंधक: १० पीपीएमच्या खाली असेल तर खत निवडताना त्याचा विचार करावाच लागेल.

तपासणी: काळ्या भारी जमिनीत पालाश बऱ्याचदा भरपूर निघतं, हलक्या मुरमाड जमिनीत कमी. शेजाऱ्याने पोटॅश टाकलं म्हणून टाकू नका आणि त्याने टाकलं नाही म्हणून सोडूही नका. तुमचा अहवाल काय म्हणतो ते बघा.

## टप्पा २: पेरणीआधीच तणाची एक पिढी संपवा

माझ्या मते सगळ्यात स्वस्त तणनियंत्रण हेच आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच.

नांगरट आणि वखरपाळी झाल्यावर एकरी ४ टन पूर्ण कुजलेलं शेणखत पसरा. मग रान ओलवा किंवा पहिला चांगला पाऊस घ्या. वापसा (मशागतीजोगी बेताची ओल) आल्यावर लगेच पेरू नका. आठ-दहा दिवस थांबा. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून दोन पानांवर येईल. आता उथळ वखराची एक पाळी द्या, दोन-तीन इंचापेक्षा खोल नको. खोल गेलात तर खालचं बी वर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

सावधान: अर्धवट कुजलेलं शेणखत म्हणजे तणाच्या बियाण्याची पेरणी. जनावरांच्या पोटातून कुंजर, माठ, गाजरगवत यांचं बी जिवंत बाहेर पडतं. खतात हात घातल्यावर ऊब लागत असेल, वास येत असेल किंवा काडी ओळखू येत असेल, तर ते खत अजून तयार नाही.

लव्हाळा आणि हरळी या पद्धतीने जात नाहीत. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काश्या जमिनीत राहतात, वरून कापलं की पुन्हा फुटतात. ज्या रानात लव्हाळ्याचा गालिचा आहे तिथे उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी उन्हात वाळवा, काश्या वेचून बाहेर काढा. ते झालं नसेल तर त्या तुकड्यात या हंगामात स्वीट कॉर्न घेऊ नका.

## टप्पा ३: पेरणी आणि पहिला खत डोस

६० × २० सेंटिमीटरवर टोकण केली तर एकरी सुमारे ३३ हजार झाडं बसतात. स्वीट कॉर्नचं बी सुरकुतलेलं आणि साठा कमी असलेलं असतं, म्हणून ते ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नका. नांग्या (बी न उगवलेल्या मोकळ्या जागा) पडल्या की तिथे उजेड पोहोचतो आणि तण तिथूनच सुरू होतं.

मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश हा सर्वसाधारण आधार धरला जातो. एकराला हिशेब असा येतो: ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १६ किलो पालाश. गोण्यांच्या भाषेत:

- सिंगल सुपर फॉस्फेट १५० किलो, म्हणजे ५० किलोच्या ३ गोण्या
- म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे २७ किलो
- युरिया एकूण सुमारे १०४ किलो, त्यातला एक तृतीयांश म्हणजे ३५ किलो आता आणि उरलेला दोन हप्त्यांत

माती परीक्षणाप्रमाणे हे आकडे वरखाली करा.

स्फुरदासाठी मी डीएपीऐवजी (डायअमोनियम फॉस्फेट) सुपर फॉस्फेट लिहिलं आहे, त्याला कारण आहे. १५० किलो सुपर फॉस्फेटमधून १६-१८ किलो गंधक फुकट मिळतं, डीएपीत ते नसतं. गंधकाशिवाय मेथिओनिन आणि सिस्टीन ही अमिनो आम्लं बनत नाहीत. शिजलेल्या स्वीट कॉर्नचा जो ओळखीचा गोडसर वास येतो तोही गंधक असलेल्या संयुगातूनच येतो. डीएपीच वापरायचं असेल तर एकरी ५२ किलो पुरतं, त्यातून नऊ किलोवर नत्र मिळतं, म्हणून युरिया एकूण ८४ किलोवर आणा आणि गंधक वेगळं द्या.

जस्ताची कमतरता असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या.

सावधान: झिंक सल्फेट डीएपी किंवा सुपर फॉस्फेटच्या पाटीत मिसळू नका. दोघांचं न विरघळणारं संयुग तयार होतं आणि पैसे दोन्हीकडून जातात. गरजेपेक्षा जास्त स्फुरद टाकलं तरी पिकाला जस्त कमी मिळतं. दर हंगामात डोळे झाकून डीएपी पडणाऱ्या रानांत पिवळट-पांढऱ्या पोंग्याचा (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीचा) मका दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

बेसल (पेरणीच्या वेळचं) खत बियाण्याच्या ओळीपासून दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली पडायला हवं. बियाण्याला खत चिकटलं तर उगवण मार खाते. सरसकट फोकलं तर ओळींमधल्या तणालाच त्याचा फायदा होतो.

## टप्पा ४: उगवणीपूर्व तणनाशक, पेरणीनंतर पहिल्या दोन दिवसांत

निव्वळ मक्यात (आंतरपीक नसेल तिथे) ॲट्राझीन ५० टक्के भुकटी वापरली जाते. मात्रा एकरी ४०० ते ८०० ग्रॅम, हलक्या जमिनीत खालची आणि भारी जमिनीत वरची. डब्यावरचं लेबल वाचा, तेच अंतिम धरा.

मात्रा चुकते ती पाण्याच्या अंदाजामुळे. म्हणून आधी पंपाचं माप काढा. एक गुंठा जागा आखा, पंपात मोजून साधं पाणी भरा, रोजच्या चालीने फवारा आणि किती पाणी गेलं ते बघा. गुंठ्याला ५ लिटर गेलं तर एकराला २०० लिटर लागतं. मग ४०० ग्रॅमच्या हिशेबाने लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम. मूठ आणि झाकणाच्या मापाने टाकलं तर एका ओळीत तण मरत नाही आणि दुसरीत मका जळतो.

फवारताना जमीन ओलसर हवी. भुकटी तळाशी बसते, म्हणून आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या आणि फवारताना पंप हलवत राहा. पसरट फवारा देणारं नोझल लावा आणि मागे सरकत फवारा, म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाहीत. पुढचे तीन आठवडे कोळपं घालू नका, नाहीतर जमिनीवरचा औषधाचा थर मोडतो.

सावधान: आंतरपीक म्हणून चवळी, सोयाबीन किंवा भुईमूग असेल तर ॲट्राझीन अजिबात नको. शेंगवर्गीय पीक त्याने मरतं. तिथे पेंडीमिथॅलीनसारखा, दोन्ही पिकांच्या लेबलवर असलेला पर्याय शोधा. स्वीट कॉर्न काढल्यावर कांदा किंवा भाजीपाला घ्यायचा असेल तरीही विचार करा. जास्त सामूच्या जमिनीत ॲट्राझीनचा अंश लांबतो.

## टप्पा ५: १५ ते ४५ दिवस. इथे हयगय नको

या महिनाभरात मका तणाशी सगळ्यात कमी ताकदीने झुंजतो. पान वाढतं, मुळं पसरतात आणि कणसात किती ओळी आणि दाण्यांच्या किती जागा असतील ते ठरायला लागतं. यानंतर तण काढलं तर रान स्वच्छ दिसतं, पण गेलेल्या जागा परत येत नाहीत.

पहिली खुरपणी १८ ते २० दिवसांनी. तणनाशक मारलं असेल तर वाचलेलं तण तेवढं काढायचं. केना हे तण ओळीत राहू देऊ नका. तो उपटून बांधावर नाही, शेताबाहेर टाका. ओल्या जमिनीवर पडलेल्या त्याच्या कांड्याला पुन्हा मुळं फुटतात.

कोळपणी २५ ते ३० दिवसांनी, वापशावर. ओळीजवळ ४-५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. मक्याची बरीच मुळं वरच्या थरात आडवी पसरलेली असतात. ती तुटली तर परिणाम लगेच दिसत नाही, पण तुरा आल्यावर दुपारी पानांच्या सुरळ्या होतात आणि टोकाचे दाणे भरत नाहीत.

मजूर मिळत नसतील तर उगवणीनंतर चालणारी टेम्बोट्रायोन किंवा टोप्रामेझोन ही तणनाशकं आहेत. तण २ ते ४ पानांवर असतानाच ती काम करतात. तण वीतभर झाल्यावर मारलं तर ते पांढरं पडतं आणि पुन्हा हिरवं होतं. लेबलवर सांगितलेला चिकट द्रव टाळू नका.

सावधान: साध्या मक्याला चालणारं औषध प्रत्येक स्वीट कॉर्न वाणाला चालेलच असं नाही. काही वाणांत ही औषधं पचवण्याची जनुकीय क्षमता कमी असते. आधी दोन ओळींवर फवारा, आठवडाभर थांबा, पोंगा पांढरा पडला नाही तरच पुढे जा. लष्करी अळीसाठी ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक त्याच टाकीत किंवा त्याच आठवड्यात नको, मका भाजतो. आणि नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षपट्ट्यात असाल तर २,४-डी हातातही घेऊ नका. वाऱ्याबरोबर गेलेला त्याचा तुषार शेजारची बाग बिघडवतो. कापूस आणि टोमॅटोलाही तोच धोका.

काही तणनाशकांनी दाण्यातली साखर, खनिजं किंवा रंगद्रव्यं बदलतात असं अमेरिकेतल्या स्वीट कॉर्नच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यावरून औषधाने पोषण वाढतं असा निष्कर्ष काढून मात्रा वाढवणं चूक आहे. परिणाम औषधानुसार बदलतो, काही साखरी वाढतात तर काही घटतात. तणनाशक तणासाठीच मारायचं.

## टप्पा ६: वरखताचे दोन हप्ते

क्रम असा, आणि यात अदलाबदल नको: तण काढा, एक-दोन दिवस थांबा, युरिया द्या, मातीत झाका, हलकं पाणी द्या.

पहिला हप्ता मका गुडघ्याएवढा झाल्यावर, साधारण ३० दिवसांनी, ३५ किलो. दुसरा तुरा दिसण्याआधी, ४० ते ४५ दिवसांनी, उरलेला ३४ किलो. ओळीपासून चार बोटं अंतरावर काकरी पाडून टाका. दुसऱ्या हप्त्यानंतर लगेच ताटांच्या बुडाला मातीची भर लावा. भरीने युरिया झाकला जातो, ओळीतलं बारीक तण गाडलं जातं आणि ताटाला आधार मिळतो. एका कामात तिन्ही गोष्टी साधतात, म्हणून भर पुढे ढकलू नका.

जास्त सामूच्या जमिनीवर युरिया उघडा पडला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. पानावर दव असताना फोकला तर दाणे पोंग्यात अडकतात आणि पान जळतं.

ठिबक असेल तर हाच युरिया आठवड्याच्या छोट्या हप्त्यांत विभागा, पण तुऱ्यानंतर युरिया थांबवा. त्या वेळी पालाश कमी असलेल्या जमिनीत पांढरं पोटॅश थोडं थोडं देणं जास्त उपयोगी.

तपासणी: पान वाचा. खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवर ‘व्ही’ आकाराचा पिवळेपणा आला तर नत्र कमी. खालच्याच पानाच्या कडा पिवळ्या पडून करपल्या तर पालाश कमी. नव्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त कमी. तिन्हींना लोक ‘मका पिवळा पडला’ म्हणतात आणि तिन्हींवर युरिया टाकतात.

जस्ताचे पट्टे दिसले तर लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून, संध्याकाळी फवारा. चुना न टाकता फवारलं तर पान भाजतं. दाण्यात जस्त वाढवायचं असेल तर जमिनीतल्या डोसपेक्षा तुऱ्याच्या आसपासची फवारणी जास्त लागू पडते. बोरॉन मात्र अहवालात कमतरता असल्याशिवाय देऊ नका. त्याची गरज आणि विषारीपणा यांत अंतर फार थोडं असतं.

## टप्पा ७: तुऱ्यापासून दाणा भरेपर्यंत

या काळात खतापेक्षा पाणी महत्त्वाचं. कणसाचे केस बाहेर पडताना पाण्याचा ताण बसला तर परागीभवन फसतं. तणाची मोठी झाडं दिसली तर हाताने काढा, कोळपं नको. गाजरगवत फुलावर येण्याआधीच गेलं पाहिजे, पुढच्या हंगामासाठी.

शेजारी साधा मका असेल आणि दोन्ही एकाच वेळी तुऱ्यावर आले तर परागाने सुपरस्वीट वाणाचे दाणे त्याच हंगामात पिठूळ होतात. गोडी गेली म्हणून खताला दोष दिला जातो, कारण मात्र बांधापलीकडे असतं. दोन्हींच्या पेरणीत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

## टप्पा ८: काढणी आणि निकालाची मोजणी

केस आल्यापासून १८ ते २२ दिवसांनी काढणी, थंडीत चार-पाच दिवस जास्त. केस तपकिरी आणि सुके, पण आवरण हिरवं, आणि नखाने दाणा दाबला की दुधासारखा रस, अशी खूण. रस पाण्यासारखा असेल तर थांबा. पिठासारखा घट्ट असेल तर उशीर झाला.

पहाटे तोडा आणि लगेच सावलीत आणा. ३० अंश सेल्सिअसला साध्या वाणाच्या कणसातली साठ टक्क्यांपर्यंत साखर एका दिवसात पिष्टात जाऊ शकते, शून्य अंशाजवळ हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहतं. उन्हात ढीग घालून टेम्पोची वाट बघणं म्हणजे तीन महिन्यांची गोडी एका दुपारी घालवणं.

तुमच्या क्रमाने फरक पडला का, हे बघण्यासाठी पेरणीच्या वेळीच चार ओळी वेगळ्या आखून ठेवा आणि तिथे जुन्या पद्धतीने काम करा. काढणीला दोन्हीकडून प्रत्येकी १० कणसं मधल्या ओळींतून, न निवडता घ्या. सोललेल्या कणसाचं वजन, टोकाकडे रिकामी राहिलेली लांबी आणि रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेसारख्या पदार्थांचं माप) एका वहीत लिहा. ब्रिक्सचा आकडा फक्त एकाच वाणात, एकाच दिवशी काढलेल्या कणसांत ताडून बघा. साध्या वाणांत साखरेखेरीज विरघळणारा पिष्टासारखा पदार्थ असतो, तोही त्या आकड्यात धरला जातो, त्यामुळे दोन वेगळ्या वाणांची गोडी ब्रिक्सवरून ठरवता येत नाही. प्रथिनं आणि जस्त बघायचं असेल तर दाण्यांचा नमुना बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा आणि पुढच्या हंगामाचा खताचा हिशेब तो अहवाल आणि मातीचा अहवाल शेजारी ठेवून करा.